गावात शहीद स्मारक उभारायचंय? ग्रॅनाइटच्या आधी उतारा काढा

बहुतेक गावांत क्रम उलटा असतो. पारावर बैठक होते, वर्गणी ठरते, कुणीतरी ग्रॅनाइटवाल्याचं कोटेशन घेऊन येतं आणि सगळ्यात शेवटी प्रश्न निघतो: जागा कुणाच्या नावावर आहे? तोवर दगडाचा ॲडव्हान्स देऊन झालेला असतो. म्हणून कागदांचं आधी बघू, दगडाचं नंतर.

पहिला निर्णय पुतळा की शिळा, हा. पुतळा म्हटला की शासनाची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं लागू होतात. प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे जातो, पोलीस आणि बांधकाम विभागाचे अभिप्राय लागतात, पुतळ्याच्या मातीत घडवलेल्या प्रतिकृतीला कला संचालनालयाची मान्यता लागते. ऑगस्ट २०२४ मध्ये मालवणचा शिवाजी महाराजांचा पुतळा कोसळल्यापासून या फायली आणखी बारकाईने बघतात. नावं कोरलेली शिळा किंवा स्तंभ असेल तर यातलं बरंच टळतं. माझं स्पष्ट मत: गावच्या स्मारकाला शिळाच करा. पुतळा एकाचा होतो, शिळेवर सगळे मावतात.

आता जागा. गावठाणातली, ग्रामपंचायतीच्या ताब्यातली जागा सर्वांत सोपी. शाळेच्या किंवा पंचायतीच्या आवारातली असेल तर आणखी बरं, फक्त शाळेची जागा जिल्हा परिषदेची असेल तर त्यांचं ना-हरकत पत्र घ्या. नमुना ८ चा (ग्रामपंचायतीच्या कर आकारणी नोंदीचा) उतारा, सातबारा किंवा सिटी सर्व्हे झालेला असल्यास मालमत्ता पत्रक, सोबत चतुःसीमा दाखवणारा नकाशा, एवढे कागद काढा. गायरान ग्रामपंचायतीचंच आहे, असं गावात सगळे धरून चालतात. प्रत्यक्षात ती सरकारी जमीन असते आणि निर्णय महसूल खात्याचा. रस्त्याच्या मधोमध किंवा कडेला चौथरा बांधायचा विचार सोडूनच द्या. सर्वोच्च न्यायालयाच्या १८ जानेवारी २०१३ च्या आदेशानुसार सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि लोकांच्या वापराच्या जागांवर पुतळे वा अशा बांधकामांना परवानगी देता येत नाही. चौक कितीही मोक्याचा असो.

सातपुड्यातल्या पाड्यांनी आणखी एक बघावं. वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये वनजमिनीवर ज्या १३ सुविधा करता येतात, त्यांत शाळा, अंगणवाडी, रस्ता, समाजमंदिर आहे. स्मारक नाही. आणि थाळनेरच्या फारुकी थडग्यांसारखी किंवा एरंडोलच्या पांडववाड्यासारखी केंद्र संरक्षित वास्तू जवळ असेल, तर तिच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद. त्यापुढच्या २०० मीटरमध्ये पुरातत्त्वाच्या सक्षम प्राधिकाऱ्याची परवानगी लागते.

खरं काम मात्र नावांचं. नंदुरबारच्या गोळीबारात ९ सप्टेंबर १९४२ ला शिरीषकुमार मेहता गेला, हे खान्देशातलं शाळकरी पोरही सांगतं. त्याच्यासोबत गेलेले लालदास, धनसुखलाल, शशिधर आणि घनश्याम किती जणांना आठवतात? गावपातळीवर तर एकाचं नाव मोठं आणि बाकीचे ‘इतर’ असं सर्रास होतं.

स्वातंत्र्यानंतरच्या जवानांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. कोण युद्धात किंवा कारवाईत कामी आला, कोण सेवेत असताना आजाराने वा अपघाताने गेला, याची नोंद तिथून लेखी घ्या. सैन्याच्या कागदांवर ‘शहीद’ हा शब्द नसतो, ‘बॅटल कॅज्युअल्टी’ असा असतो. त्यामुळे दाखल्यावर शहीद लिहिलेलं नाही म्हणून घाबरू नका. दोन्ही प्रकारची नावं एकाच शिळेवर घ्यायची का, हे ग्रामसभेनं ठरवावं, पण ठरावात लिहून. नाहीतर अनावरणाच्या दिवशी भाऊबंदकी उभी राहते. घरच्यांची लेखी संमती आणि नावाचं शुद्धलेखन त्यांच्याच सहीने घ्या.

स्वातंत्र्यसैनिकांसाठी जिल्हाधिकारी कार्यालयातल्या सन्मान निवृत्तिवेतनाच्या नोंदी बघा. दोन्ही महायुद्धांत गेलेल्यांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत शोधता येतात, पण इंग्रजांनी ऐकून लिहिलेली नावं असल्याने ‘पाटील’चं काहीही झालेलं असतं. तीन-चार स्पेलिंगं करून बघा. ११ एप्रिल १८५८ च्या, इंग्रजांविरुद्धच्या आंबापाणीच्या लढाईत पडलेल्या भिल्लांसारख्यांची नावं मात्र अशा कुठल्याच यादीत नसतात. तिथे प्रसंग आणि तारीख कोरावी, नावं रचू नयेत. २०२३ च्या ‘मेरी माटी मेरा देश’ मोहिमेत गावात शिलाफलक बसला असेल, तर त्यावरची नावं आधी ताडून घ्या. दोन फलकांवर दोन याद्या, हे फार वाईट दिसतं.

अर्ज ग्रामपंचायतीकडे द्यायचा, शहरात नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांकडे. ग्रामसभेला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी कमी ती संख्या हजर हवी. अर्जासोबत जागेचे उतारे, आराखडा, अंदाजपत्रक, नावांची यादी पुराव्यांसह, कोरायच्या मजकुराचा मसुदा आणि देखभाल कोण करणार याचं हमीपत्र. मजकुराची प्रत पोलीस ठाण्यातही द्या, पोच घ्या. अशोकस्तंभाची राजमुद्रा शिळेवर आपल्या मनाने कोरू नका. २००५ च्या कायद्याने ते गुन्हा आहे. ग्रॅनाइटवाला ‘सगळेच टाकतात’ म्हणेल, त्याचं ऐकू नका.

पैशांचं थोडक्यात: खासदार निधीत स्मारक बसत नाही. वर्गणी गोळा करायची आणि संस्था नोंदणीकृत नसेल, तर धर्मादाय कार्यालयाची, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१-क खालची परवानगी काढा आणि पावतीपुस्तक छापा.

आता दगड. आपल्याकडचा खडक बेसाल्ट, म्हणजे काळा पाषाण. ग्रॅनाइट कर्नाटक, तेलंगण, राजस्थानातून येतो, त्यामुळे वाहतूक धरूनच भाव विचारा. चार बाय सहा फुटांची २० मिलिमीटर जाडीची शिळाच १२० किलोच्या आसपास भरते. भिंतीला नुसती चिकटवून भागत नाही, खिळपट्ट्या (धातूचे क्लॅम्प) लागतात. काळ्या मातीत पाया मुरुमापर्यंत न्या, नाहीतर उन्हाळ्यात भेगा पडून चौथरा तिरका होतो. अक्षरं खोल कोरून घ्या. नुसता सोनेरी रंग भुसावळच्या उन्हात टिकत नाही.

यादीखाली दोन-तीन ओळींची जागा कोरी सोडा, राहिलेलं नाव नंतर हमखास सापडतं. आणि ‘सौजन्य’, ‘हस्ते’, ‘प्रमुख उपस्थिती’ यांचा वेगळा छोटा फलक चौथऱ्याच्या बाजूला. त्याचं मापही ग्रामसभेच्या ठरावातच लिहून घ्या.