रस्ता ओलांडायला रिक्षा

माझी मावशी रस्ता ओलांडायला रिक्षा करते. थट्टा करत नाही. तिच्या इमारतीसमोर २४ मीटर रुंद रस्ता आहे आणि पलीकडे तिचे दाताचे डॉक्टर व नेहमीचा भाजीवाला. वय ७६, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. रिक्षा पुढच्या चौकातून वळून येते, मावशी समोरच्या बाजूला उतरते आणि किमान भाडं मोजते. एका रिक्षावाल्याने संकोचून पैसे नको म्हटलं, तर ती त्याच्यावरच चिडली.

एकदा मी तिला म्हटलं, आज चालत जाऊ. मोबाइलमधलं स्टॉपवॉच लावलं. पादचाऱ्यांचा हिरवा दिवा १८ सेकंद राहिला. मावशीला लागले ३१. मधले १३ सेकंद कसे गेले ते लिहीत नाही. पुण्यात दुचाकीवाले दिवा हिरवा व्हायच्या आधीच निघतात, हे वाचकांना ठाऊक आहे.

सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो असं धरण्याची पद्धत आहे. त्या हिशेबाने २४ मीटरला २० सेकंद हवेत. म्हणजे इथे पुस्तकातला धडधाकट माणूससुद्धा अडीचएक मीटर आधी अडकतो. मावशीचा वेग निघाला ०.७७ मीटर. काठी घेऊन चालणारे, कडेवर मूल आणि हातात पिशवी असलेली बाई, पाय मोडलेला कॉलेजकुमार, हे सगळे याच आसपास येतात.

यावर पहिली मागणी सुचते ती सेकंद वाढवण्याची. ती केली की समोरून उत्तर येतं, गाड्यांच्या रांगा लागतील. पण भागाकारात दोन आकडे असतात आणि सेकंदांऐवजी अंतर बदलता येतं. चौकाच्या तोंडाशी गाड्या लावायला तशीही बंदी असते. तिथे पदपथ दोन्ही बाजूंनी दोन-दोन मीटर पुढे आणला की रस्ता उरतो २० मीटर. मध्ये उभं राहण्यापुरता सुरक्षित थांबा दिला की १०-१० मीटरचे दोन टप्पे होतात. मावशीला एका टप्प्याला १३ सेकंद लागतील. म्हणजे त्याच १८ सेकंदांत पाच उरतात, आणि गाड्यांचा एकही सेकंद कमी झालेला नसतो. थांब्याची रुंदी कुठून तरी काढावी लागते, हे खरं. ती बहुतेकदा गरजेपेक्षा रुंद आखलेल्या लेनमधून निघते. बसची रुंदी कायद्याने २.६ मीटरच्या आत असते. शहरात तीन, सव्वातीन मीटरच्या लेनमधून ती नीट जाते, आणि लेन अरुंद झाली की चालकाचा पाय आपोआप सैल पडतो.

पाय सैल पडण्याला एवढं महत्त्व का, ते शाळेतल्या भौतिकशास्त्रात आहे. समोर कोणी आलं हे दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. ताशी ५० किलोमीटर वेगाने गाडी त्या सेकंदात जवळजवळ १४ मीटर पुढे सरकते आणि मग कोरड्या रस्त्यावर आणखी १४ मीटर घेऊन थांबते. ताशी ३० ला पहिल्या सेकंदात सव्वाआठ मीटर, ब्रेक लागल्यावर पाचेक मीटर, एकूण सव्वातेरा. आता हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. ३० ची गाडी जिथे उभी राहिली, तिथे ५० च्या गाडीचा ब्रेक अजून लागायचाच आहे. ती पूर्ण वेगात आदळते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून तो धक्का ३० च्या धक्क्याच्या पावणेतीन पट असतो. सरासरी वेग १ टक्क्याने वाढला की प्राणघातक अपघाताचा धोका सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

यावर पुणेकराचा ठरलेला प्रश्न असतो: आमच्या कोंडीत ५० ने जातंय कोण? दुपारी कोणी नाही. पहाटे पाचला टेकडीवर फिरायला निघणाऱ्यांना विचारा.

कोपऱ्याचंही असंच आहे. वळताना गाडीला किती वेग झेपतो ते वळणाच्या त्रिज्येच्या वर्गमुळावर ठरतं. कोपरा चार मीटर त्रिज्येचा असेल तर आरामात वळणारी गाडी ताशी १२ च्या आसपास राहते. तोच १६ मीटरचा ऐसपैस केला की वेग दुप्पट होतो. ‘वाहतूक सुरळीत व्हावी’ म्हणून गोल केलेला कोपरा असा शाळेसमोर धोका होऊन बसतो. मग तिथे गतिरोधक येतो, तोही कंबर मोडणारा. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापात तो १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर लांब, अंगावरून ताशी २५ ने सहज जाता येईल असा हवा. आपल्या गल्लीतल्या उंचवट्यावर टेप लावून बघा, मजा येईल.

मजेची गोष्ट टेपचीच आहे. शहरातला प्रवास सुरक्षित व्हावा म्हणून धडपडणारी मंडळी म्हटली की फलक आणि घोषणा डोळ्यांसमोर येतात. पण पुण्यात ‘परिसर’सारख्या संस्थांनी वर्षानुवर्षं जे काम केलं, त्यात पदपथ, बस, सायकल यांचा चिकाटीने अभ्यास करून माणसं कशी फिरतात हे मांडण्याचा वाटा मोठा आहे. पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर आणि उंची १५ सेंटिमीटरच्या आत असावी, असं इंडियन रोड्स काँग्रेस सांगते. ही दोन मापं पाठ असलेला माणूस कार्यालयात गेला की बोलणं बदलतं. ‘पदपथ खराब आहे’ ही तक्रार झाली. ‘या खांबापाशी ७० सेंटिमीटर उरतात’ याला उत्तर द्यावं लागतं. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात १९८-अ हे कलम आलं. रस्त्याच्या रचनेत सुरक्षेची मानकं पाळली नाहीत आणि त्यातून कोणी दगावलं किंवा अपंग झालं, तर यंत्रणा आणि ठेकेदार यांना एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम किरकोळ वाटेल, पण दोष रस्त्याचाही असू शकतो हे कायद्याने मान्य केलं.

सगळ्याच प्रश्नांना टेप पुरत नाही. पदपथावर दुचाकी चढू नयेत म्हणून खुंट लावतात. दुचाकीचं हँडल आणि चाकाची खुर्ची यांची रुंदी जवळपास सारखी, त्यामुळे स्कूटर अडली की खुर्चीही अडते. यावर खुंटांचं चतुर उत्तर मला अजून दिसलेलं नाही.

चांगली उदाहरणं गावातच आहेत. जंगली महाराज रस्त्यावर पदपथ रुंद केले तेव्हा कुरकुर झाली. आज तिथल्या बाकांवर संध्याकाळी जागा मिळत नाही. महापालिकेने २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन सुरू केला. त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा एक भाग गाड्यांना बंद असतो आणि लोक रस्त्याच्या मधोमध चालताना उगाच मागे वळून बघतात, सवयीने. दुसऱ्या बाजूला गाड्यांसाठी बांधलेले विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल २०२० मध्ये पाडावे लागले, कारण मेट्रो आणि नव्या पुलाला जागा हवी होती.

आम्ही अर्ज केला. रस्त्याची रुंदी, दिव्याची वेळ, मावशीची वेळ आणि पायरीसारखा उंच पदपथ, एवढंच त्यात लिहिलं. महिनाभराने एक तरुण अभियंता आला, स्वतःची टेप घेऊन. रस्ता त्याच्या मापात २३.८ मीटर भरला. मग त्याने मावशीला चालायला सांगितलं आणि घड्याळ लावलं. ३२ सेकंद. त्याने वहीत लिहिलं, जरा विचार केला आणि रस्त्यापलीकडून ओरडून विचारलं, “आजी, पुन्हा एकदा याल का?”

“यायलाच लागणार,” मावशी ओरडली, “घर तिकडे आहे माझं.”