जुने सुपर कब पुन्हा उडवायचे असेल तर: अमेरिकेतील नोंदणी, बदलांची मंजुरी आणि हमखास अडणारे कागद

पायपर कंपनीच्या पीए-१८ सुपर कब या विमानाला १९४९ मध्ये प्रमाणपत्र मिळाले आणि मधले खंड वगळता ते १९९४ पर्यंत बनत राहिले. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणलेले कापड, एकामागे एक अशी दोन आसने आणि शेपटीखाली तिसरे चाक, एवढ्या साध्या रचनेचे हे विमान अलास्कात आजही नदीकाठच्या गोट्यांवर आणि टुंड्रावर उतरते. त्यामुळे कोठारात वर्षानुवर्षे पडून राहिलेले एखादे सुपर कब विकत घ्यावे, त्याचा सांगाडा स्वच्छ करून रंगवावा, मोठी चाके आणि जास्त ताकदीचे इंजिन बसवावे, अशी इच्छा अनेकांना होते. या कामाची तांत्रिक बाजू सांगणारे पुष्कळ आहेत. येथे केवळ कागदोपत्री बाजू मांडली आहे, कारण अशी विमाने हँगरमध्ये अडकून पडतात ती बहुतेक वेळा एखाद्या कागदामुळे, वेल्डिंगमुळे क्वचितच.

विमान कोणाच्या नावावर होऊ शकते

हा प्रश्न अमेरिकेत नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी मंडळींनी सर्वांत आधी सोडवावा. वैमानिकाचा परवाना मिळण्यासाठी अमेरिकेचे नागरिकत्व लागत नाही, आणि त्यावरून विमानही आपल्या नावावर होईल असे अनेकजण गृहीत धरतात. ते खरे नाही. नोंदणीसाठी व्यक्ती अमेरिकेची नागरिक किंवा कायम रहिवासी, म्हणजे ग्रीन कार्डधारक असावी लागते आणि ग्रीन कार्डधारकाला अर्जावर आपला एलियन (परदेशी नागरिक) नोंदणी क्रमांक द्यावा लागतो. एच-१बी व्हिसावर असलेल्या व्यक्तीला स्वतःच्या नावावर विमानाची नोंदणी करता येत नाही, मग तिने परवाना मिळवला असो आणि पूर्ण किंमत रोख भरलेली असो.

यावर मित्रमंडळी लगेच कंपनी काढण्याचा सल्ला देतात. कंपनी 'नागरिक' ठरण्यासाठी तिचा अध्यक्ष आणि संचालक मंडळ व व्यवस्थापकीय अधिकारी यांपैकी किमान दोन तृतीयांश जण अमेरिकेचे नागरिक असावे लागतात, मतदानाच्या हक्कांपैकी किमान ७५ टक्के नागरिकांकडे असावे लागतात आणि प्रत्यक्ष नियंत्रणही त्यांचेच असावे लागते. नागरिक न ठरणाऱ्या अमेरिकी कंपनीलाही नोंदणी मिळू शकते, पण तेव्हा विमानाच्या उड्डाणाचे किमान ६० टक्के तास अमेरिकेतच झाले पाहिजेत आणि त्याचा हिशेब ठेवावा लागतो. भागीदारी संस्थेचा नियम याहून कडक आहे: तिचा प्रत्येक भागीदार नागरिकच हवा, ग्रीन कार्डधारक चालत नाही. दोन मित्रांनी मिळून विमान घेतले, त्यांपैकी एक ग्रीन कार्डधारक आहे आणि अर्जावर सहमालकीऐवजी भागीदारीच्या चौकोनात खूण झाली, तर अर्ज परत येतो. चूक एका खुणेची असते, पण उन्हाळा हातचा जातो. आणि अलास्कात उन्हाळा मुळातच थोडा.

मालकीची साखळी

नोंदणीचा अर्ज फॉर्म ८०५०-१ वर करायचा असतो. त्याला विक्रीपत्र, म्हणजे फॉर्म ८०५०-२, आणि पाच डॉलर शुल्क जोडून हे सर्व अमेरिकेच्या संघीय विमान वाहतूक प्रशासनाच्या (एफएए) ओक्लाहोमा सिटी येथील विमान नोंदणी शाखेकडे पाठवायचे, इतके हे काम सोपे आहे. जुन्या विमानांच्या बाबतीत ते विक्रीपत्रापाशी येऊन अडते. नोंदणी शाखेच्या दप्तरी शेवटचा मालक म्हणून ज्याचे नाव आहे, त्याच्यापासून तुमच्यापर्यंतचा प्रत्येक व्यवहार कागदाने जोडलेला असावा लागतो. वडिलांच्या नावावरचा सातबारा वारस न लावताच विकायला निघालेल्या माणसाची जी गत होते, तीच येथे होते. कोठारातले विमान बहुधा तीन हातांतून गेलेले असते, मधल्या मालकाने ते आपल्या नावावर कधी करून घेतलेलेच नसते आणि पहिला मालक वारलेला असतो. अशा वेळी त्याच्या इस्टेटीच्या व्यवस्थापकाची सही किंवा, न्यायालयात प्रोबेट झालेले नसल्यास, वारसाचे प्रतिज्ञापत्र लागते. हे कागद मिळवून देणे विक्रेत्याचे काम आहे, आणि पैसे हाती पडल्यावर ते करण्याची घाई कोणालाही नसते. म्हणून साखळी पूर्ण झाल्याशिवाय रक्कम देऊ नये.

विमानाला नोंदणी क्रमांक असेल आणि त्याची पूर्वीची शेवटची नोंदणी अमेरिकेतलीच असेल, तर अर्जाची दुसरी प्रत विमानात ठेवून प्रमाणपत्र येईपर्यंत देशांतर्गत उड्डाण करता येते. मात्र अर्ज करताना विमानाला क्रमांकच दिलेला नसेल, उदाहरणार्थ जुना क्रमांक रद्द होऊन गेला असेल, तर ही सवलत मिळत नाही. अनेक वर्षे पडून असलेल्या विमानांच्या बाबतीत असे वारंवार घडते आणि तरीही लोक विक्रीच्या दिवशीच उडवत घरी नेण्याचा बेत करतात. नोंदणीची मुदत जानेवारी २०२३ पासून तीनऐवजी सात वर्षे झाली आहे. पत्ता बदलल्यास तीस दिवसांत कळवावे लागते. न कळवल्यास नूतनीकरणाची सूचना जुन्या पत्त्यावर जाते आणि नोंदणी संपल्याचे पुढची तपासणी करताना उघड होते.

उड्डाणयोग्यता प्रमाणपत्रावर मुदत छापलेली नसते, त्यामुळे ते कायमचे आहे असा गैरसमज होतो. देखभाल नियमांनुसार होत असेल आणि विमान अमेरिकेत नोंदलेले असेल, तोवरच ते लागू असते. नोंदणी संपलेली किंवा वार्षिक तपासणी चुकलेली असताना प्रमाणपत्र खिडकीशेजारी डौलात लावलेले असले, तरी त्याला अर्थ नाही. नोंदणी चालू असलेले, पण वार्षिक तपासणी चुकलेले विमान केवळ कार्यशाळेपर्यंत उडवत न्यायचे असेल तर फॉर्म ८१३०-६ वर विशेष उड्डाण परवानगी मागावी लागते.

हात लावण्यापूर्वी मागवायचे दप्तर

नोंदणी शाखा थोडक्या शुल्कात विमानाच्या संपूर्ण दप्तराची प्रत देते. त्यात मालकीचे कागद असतात आणि आजवर दाखल झालेले प्रत्येक फॉर्म ३३७ असतात, म्हणजे मोठी दुरुस्ती व मोठे बदल यांच्या नोंदी असतात. खरेदीच्या आधी ही प्रत मागवून, हातात कंदील किंवा बॅटरी घेऊन, विमानाशी ओळ न् ओळ ताडून पाहावी. कारखान्यातून ९० अश्वशक्तीच्या इंजिनासह निघालेले विमान आज १५० किंवा १६० अश्वशक्तीच्या लायकॉमिंग इंजिनावर उभे असते, मागे वाढीव सामानाची जागा असते, चाकांचे पाय लांबवलेले असतात, आणि दप्तरात यांपैकी एकाचाही कागद नसतो. हे बदल तीस वर्षे सुखाने उडाले, हा युक्तिवाद तपासणी अधिकाऱ्यापुढे चालत नाही. कागद नसलेला बदल नव्याने मंजूर करून घ्यावा लागतो किंवा काढून टाकावा लागतो, आणि तो भार विद्यमान मालकावर येतो.

याच टप्प्यावर पंखांच्या आधारदांड्यांची नोंद शोधावी. पायपरच्या या कुळातील विमानांच्या आधारदांड्या आतून गंजतात. त्याबाबतच्या २०१५-०८-०४ या उड्डाणयोग्यता निर्देशानुसार बंदिस्त प्रकारच्या नव्या दांड्या बसवलेल्या नसतील, तर दर २४ महिन्यांनी तपासणी करावी लागते. ती झाल्याचे लॉगबुकात लिहिलेले नसेल, तर ती झालीच नाही असे समजले जाते.

आणखी एक इशारा. अपघातग्रस्त विमानाची ओळखपट्टी आणि कागद विकत घ्यायचे आणि त्याभोवती नवे विमान उभे करायचे, हा मार्ग स्वस्त म्हणून सुचवला जातो. ओळखपट्टी एका विमानावरून काढून दुसऱ्यावर लावण्यास कायद्याने मनाई आहे. दुरुस्तीसाठी ती काढावी लागली, तर त्याच विमानावर परत लावावी लागते.

बदल लहान की मोठा, आणि आधार कोणता

वजन, समतोल, मजबुती, कामगिरी किंवा उड्डाणाचे गुण यांवर लक्षणीय परिणाम करू शकणारा आणि विमानाच्या मूळ तपशिलात नसलेला बदल 'मोठा' गणला जातो. लहान बदलाला लॉगबुकातली नोंद पुरते. मोठ्या बदलाला फॉर्म ३३७ आणि मंजूर तांत्रिक आधार, म्हणजे प्रशासनाने मंजूर केलेली तांत्रिक माहिती, दोन्ही लागतात. सर्वांत अधिक अर्ज येथेच फसतात. मेकॅनिक मंडळींच्या कपाटात असणारे एसी ४३.१३-१बी हे मार्गदर्शक दुरुस्तीसाठी ठराविक अटींवर मंजूर आधार म्हणून वापरता येते, पण त्याच मालिकेतील बदलांविषयीचे ४३.१३-२बी केवळ स्वीकारार्ह आहे, मंजूर नाही. दोन्ही पुस्तिका शेजारी-शेजारी असतात आणि फॉर्मवर हटकून चुकीची लिहिली जाते. याउलट एक सोय फारशा लोकांना माहीत नसते: १ ऑक्टोबर १९५५ पूर्वीचा ३३७ त्याच मॉडेलवर तोच बदल पुन्हा करताना मंजूर आधार म्हणून चालतो.

मोठी टायरे, चढाईचा लांब प्रोपेलर, १८० अश्वशक्तीचे इंजिन, पंखांवरील व्हॉर्टेक्स जनरेटर (हवेचा प्रवाह पंखाला धरून ठेवणाऱ्या छोट्या पट्ट्या) अशा लोकप्रिय बदलांसाठी पूरक प्रकार प्रमाणपत्र, म्हणजे एसटीसी, उपलब्ध असते. लोक त्याचा क्रमांक फॉर्मवर लिहितात आणि काम संपले असे मानतात. नियमानुसार एसटीसीच्या धारकाची लेखी परवानगी असल्याशिवाय ती वापरता येत नाही. नवे साहित्य घेतल्यास हे पत्र खोक्यात मिळते. दुसऱ्याच्या विमानावरून उतरवलेले साहित्य घेतल्यास पत्र त्या दुसऱ्या विमानाचे असते किंवा नसतेच, आणि तुम्हाला धारकाकडून नवे पत्र घ्यावे लागते, त्यासाठी बहुधा पैसेही मोजावे लागतात. जुन्या भागांचा सौदा करताना हा खर्च कोणी धरत नाही. शिवाय अनेक एसटीसी एकत्र वापरताना त्यांचा एकमेकांवर विपरीत परिणाम होत नाही हे ठरवण्याची जबाबदारी बसवणाऱ्याची असते. प्रत्येक कागद स्वतंत्रपणे खरा असला तरी पाच बदल मिळून सुरक्षित आहेत असे कोणीही लिहून दिलेले नसते.

कापडाचीही तीच गोष्ट. मूळ सुती कापडाऐवजी पॉलिस्टर लावताना ज्या पद्धतीची एसटीसी वापरता, त्याच पद्धतीचे कापड, गोंद, लेप आणि रंग शेवटपर्यंत वापरावे लागतात. घरात उरलेला दुसऱ्या कंपनीचा रंग वरून मारला, की एसटीसीचा आधार जातो. चकचकीत विमानाचे कापड पुन्हा उतरवण्याची पाळी आलेली अनेकांनी पाहिली आहे.

जेथे एसटीसी नसते, तेथे स्थानिक उड्डाण मानक कार्यालयाकडून क्षेत्रीय मंजुरी मागता येते. अलास्कात अशी कार्यालये अँकरेज आणि फेअरबँक्स येथे आहेत. ही मंजुरी काम सुरू करण्याआधी मागायची असते. झालेले काम दाखवून सही मागणाऱ्याला अधिकारी नकार देतो आणि तो नकार योग्यच असतो. अर्जासोबत रेखाचित्रे, वजन-समतोलाचा हिशेब आणि पुढील देखभालीच्या १६ मुद्द्यांच्या सूचना द्याव्या लागतात. तरीही एका कार्यालयात मिळालेली मंजुरी दुसऱ्या कार्यालयात मिळेलच असे नाही, आणि कारण विचारल्यास समाधानकारक उत्तर मिळेल याचीही खात्री नाही. फॉर्मचा रकाना ३ प्रशासनाचा आहे. त्यात अर्जदाराने किंवा मेकॅनिकने काहीही लिहू नये.

कोणाची सही, किती तासांत

मालकाला स्वतः काम करता येते, मात्र प्रमाणित मेकॅनिकच्या देखरेखीखाली. तो मेकॅनिक आवश्यक तेवढे काम प्रत्यक्ष पाहणारा आणि विचारताच समक्ष उपलब्ध असणारा हवा. दूरध्वनीवरील देखरेख चालत नाही. मालकाने स्वतःच्या विमानासाठी भाग बनवणेही मान्य आहे, पण तो भाग विकण्यासाठी बनवता येत नाही. काम करणाऱ्याची सही फॉर्म ३३७ च्या रकाना ६ मध्ये असते आणि मोठ्या बदलानंतर विमान सेवेत परत आणण्याची सही रकाना ७ मध्ये तपासणीचा अधिकार असलेला मेकॅनिक, म्हणजे आयए, करतो. त्याचा अधिकार विषम वर्षाच्या ३१ मार्चला संपतो. जीर्णोद्धार दोन-तीन वर्षे चालत असल्याने सहीच्या दिवशी त्याचा अधिकार चालू आहे ना, हे संकोच न करता विचारावे.

फॉर्मची एक सही केलेली प्रत मालकाला द्यायची आणि दुसरी ४८ तासांच्या आत ओक्लाहोमा सिटीला पाठवायची. हे ४८ तास काम संपल्यापासून नव्हे, तर रकाना ७ मधील मंजुरीपासून मोजतात, आणि प्रत स्थानिक कार्यालयात दिली म्हणजे झाले, असे होत नाही. ती वाटेत हरवल्यास दहा वर्षांनी पुढचा खरेदीदार दप्तर मागवतो तेव्हा बदल विनापरवाना ठरतो. म्हणून पाठवल्याचा पुरावा लॉगबुकातच ठेवावा.

हे सर्व टाळण्यासाठी विमान प्रायोगिक, हौशी बांधणीच्या वर्गात टाकावे असेही सुचवले जाते. त्या वर्गात विमानाचा मोठा भाग हौशी व्यक्तीने स्वतः घडवून जोडलेला असावा लागतो, आणि कारखान्यात बनलेल्या विमानाचा जीर्णोद्धार त्यात मोजला जात नाही. कॅनडात मालक-देखभाल नावाचा सोपा वर्ग आहे आणि तेथील मराठी मित्र त्याचे कौतुक करतात. मात्र त्या वर्गातले विमान अमेरिकेच्या हद्दीत उडवता येत नाही, त्यामुळे तेथील स्वस्त सौदा सीमेपलीकडून आणण्याचा विचार सोडून द्यावा.

शेवटी विमानाचे नव्याने वजन करावे, साहित्याची यादी अद्ययावत करावी आणि वार्षिक तपासणीची नोंद घ्यावी. बदलांमुळे उड्डाणाच्या गुणांत लक्षणीय फरक पडला असेल, तर किमान खाजगी परवाना असलेल्या वैमानिकाने चाचणी उड्डाण करून त्याची नोंद लॉगबुकात करेपर्यंत प्रवासी नेता येत नाही. मागच्या आसनावर बसायला आतुर झालेल्या घरच्यांना हे आधीच सांगून ठेवावे. आणि बसण्याच्या किंवा सामानाच्या जागेत जादा इंधनाची टाकी बसवली असेल, तर त्या बदलाच्या फॉर्म ३३७ ची एक प्रत घरच्या फायलीत नव्हे, तर कायम विमानातच ठेवावी लागते.