अमेरिकेत जन्म नसला तरी खासदार होता येतं
‘अमेरिकेत जन्मलेलाच तिथे खासदार होतो’ असं आपल्याकडे वर्षानुवर्षं ठासून सांगितलं जातं. हे साफ चूक आहे. जन्माची अट राष्ट्राध्यक्ष-उपराष्ट्राध्यक्षांना आहे. प्रतिनिधिगृहासाठी, म्हणजे तिथल्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहासाठी, वय २५, नागरिकत्वाची ७ वर्षं आणि जिथून निवडून यायचं त्याच राज्यात वास्तव्य, एवढं पुरतं.

पंजाबचे दलिपसिंग सौंद १९२० साली शिकायला गेले. गणितात डॉक्टरेट मिळवली, पण पोट भरलं शेतीवर. भारतीयांना नागरिकत्वच मिळत नव्हतं! १९४६ला कायदा बदलला, १९४९ला ते नागरिक झाले. १९५०ला न्यायाधीशपदाची निवडणूक जिंकले, तर नागरिकत्वाला वर्ष पुरं झालं नाही म्हणून पद नाकारलं. ते पुन्हा उभे राहिले, जिंकले आणि १९५६ला प्रतिनिधिगृहात निवडून गेले. बेळगावात वाढलेले आपले श्री ठाणेदार २०२२ला मिशिगनमधून निवडून आले, ते याच तरतुदीमुळे.