आर्चर बनवू की स्कर्मिशर?

एज ऑफ एम्पायर्स २ या कॉम्प्युटर गेममध्ये आर्चरी रेंज (लांबून मारणारे सैनिक बनवणारी इमारत) उभी राहिली की ही दोन चिन्हं शेजारी-शेजारी दिसतात: धनुष्यवाला आर्चर आणि भाला फेकणारा स्कर्मिशर. दोघंही लांबून मारतात, दोघांचा एचपी (जीव) ३०, पल्लाही सारखाच, ४. त्यात स्कर्मिशरला गोल्ड लागत नाही: २५ फूड, ३५ वूड, काम झालं. आर्चरला २५ वूड आणि वर ४५ गोल्ड. मग नवा खेळाडू स्कर्मिशरला स्वस्तातला आर्चर समजून त्यांचा थवा घेऊन समोरच्याच्या गावावर चालून जातो. तिथं गावकरी आरामात लाकडं तोडत राहतात.

कारण आकड्यांत आहे. आर्चरचा हल्ला ४, स्कर्मिशरचा फक्त २. गावकऱ्याचा एचपी २५, म्हणजे आर्चरला ७ बाण पुरतात, स्कर्मिशरला १३ भाले लागतात. समोरच्याने लूम (गावकऱ्यांचा एचपी आणि चिलखत वाढवणारा अपग्रेड) घेतलं असेल तर हेच २० आणि ४० होतात. शिवाय आर्चर दर २ सेकंदांनी मारतो, स्कर्मिशर दर ३ सेकंदांनी. एवढ्या वेळात समोरचा निवांत भिंत बांधून घेतो.

आता दोघांना एकमेकांसमोर उभं करा. स्कर्मिशरचं बाणांविरुद्धचं चिलखत ३ आहे, त्यामुळे आर्चरच्या ४ मधून उरतो १. एक स्कर्मिशर पाडायला ३० बाण! उलट स्कर्मिशरला आर्चरविरुद्ध ३ चा बोनस आहे. २ आणि ३ मिळून ५, म्हणजे सहा भाल्यांत आर्चर आडवा. नेम चुकला नाही असं धरलं तर एकीकडे पंधरा सेकंद, दुसरीकडे जवळपास मिनिट. फ्लेचिंगने (बाण-भाल्यांचा हल्ला १ ने वाढवणाऱ्या अपग्रेडने) आर्चरचे ३० बाण १५ वर येतात खरे, पण स्कर्मिशरचे सहाही पाचावर येतात, कारण तो अपग्रेड दोघांनाही लागू होतो.

म्हणून स्कर्मिशर हे उत्तर आहे. समोरच्याने आर्चर काढलेच नसतील, तर ते उत्तर कशाचं?

कॅसल एजमध्ये, म्हणजे खेळाच्या तिसऱ्या टप्प्यात, हा फरक जास्तच बोचतो. नाइटचा (चिलखती घोडेस्वाराचा) एचपी १००, बाणांविरुद्ध चिलखत २. अपग्रेड न धरता क्रॉसबोमनचे (आर्चरचं सुधारलेलं रूप) ३४ बाण लागतात, एलिट स्कर्मिशरचे (स्कर्मिशरचं सुधारलेलं रूप) तब्बल १०० भाले. तेवढ्यात नाइट सगळी रांग कापून मोकळा होतो. त्यातही स्कर्मिशरला अगदी अंगाला भिडलेल्यावर भाला टाकता येत नाही, आधी मागे सरकावं लागतं. म्हणून त्यांच्यासोबत स्पिअरमन (घोडेस्वारांना रोखणारे पायदळी भालेवाले) हवेतच. ही जोडी पूर्ण बिनगोल्डची आहे आणि मला तरी फ्यूडल एजमध्ये (कॅसलच्या आधीच्या टप्प्यात) बचावासाठी याहून भरवशाचं काही दिसत नाही. वाचलेलं गोल्ड कॅसल एजला जायला कामी येतं.

मात्र सामना ताब्यात घ्यायचा असेल तर आर्चरच. ते झुंडीने वाढतात: तीस क्रॉसबो एकत्र आले की नाइटसुद्धा जवळ पोचेपर्यंत निम्मे होतात. त्यांचं दुखणं एकच, गोल्ड. नकाशावरच्या खाणी संपल्या, व्यापारही नाही आणि रेलिकही (गोल्ड मिळवून देणारे पवित्र अवशेष) नाहीत, की आर्बलेस्ट (क्रॉसबोमनचं पुढचं रूप) बनणं थांबतं. तिथून पुढे लढाई गोल्ड न लागणाऱ्यांची, म्हणजे हॅल्बर्डिअर (स्पिअरमनचं शेवटचं रूप), हुसार (हलके घोडेस्वार) आणि, हो, एलिट स्कर्मिशर यांचीच असते.