मायनर लीगचा पहिला दिवस आणि १९४६ सालची जर्सी सिटी

मार्च सरता-सरता, एप्रिल लागता-लागता अमेरिकेत शंभरावर गावांमध्ये बेसबॉलच्या मैदानांची दारं उघडतात. थंडी पुरती गेलेली नसते, त्यामुळे लोक जाकिटं घालूनच बसतात. राष्ट्रगीत होतं, गावातलं कुणीतरी मानाचा पहिला चेंडू टाकतं आणि मायनर लीगचा हंगाम सुरू होतो. दुय्यम दर्जाच्या स्पर्धेच्या पहिल्या सामन्याला एवढी गर्दी कशाला, असं आपल्याला वाटू शकतं. रणजीच्या सामन्यात रिकामे स्टँड पाहायची सवय असलेल्या माणसाला तर नक्कीच. पण या लहान मैदानांच्या मागे मोठा इतिहास आहे, आणि माझ्या मते अमेरिकी बेसबॉलमधला सर्वांत महत्त्वाचा दिवस अशाच एका मैदानावर, हंगामाच्या पहिल्या दिवशी उगवला: १९४६ साली, न्यूयॉर्कशेजारच्या जर्सी सिटीत, जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू गोऱ्यांच्या लीगमध्ये उतरला तेव्हा.

आधी व्यवस्था थोडक्यात. मेजर लीग म्हणजे बेसबॉलची सर्वांत वरची स्पर्धा, तिच्यात ३० संघ आहेत. त्या प्रत्येकाच्या हाताखाली ट्रिपल-ए, डबल-ए, हाय-ए आणि सिंगल-ए अशा चार पायऱ्यांवर एकेक संघ, म्हणजे एकूण १२०. खेळाडूंचा करार वरच्या संघाशी, मैदान आणि प्रेक्षक मात्र गावाचे. आज आवडता झालेला खेळाडू उद्या सकाळी बॅग भरून वरच्या पायरीवर निघून जातो, आणि गावही ते जाणून असतं. सुरुवातीला असं नव्हतं. १९०१ साली शिकागोत लहान लीगच्या प्रमुखांनी एकत्र येऊन आपली राष्ट्रीय संघटना काढली, ती मुळात मेजर लीगवाल्यांनी आपले खेळाडू पळवू नयेत म्हणून. तेव्हाचे संघ स्वतंत्र होते; चांगला खेळाडू विकून पैसे मिळवायचे. पुढे १९२०च्या दशकात सेंट लुईस कार्डिनल्सच्या ब्रँच रिकी यांनी खेळाडू विकत घेत बसण्यापेक्षा लहान संघच ताब्यात घ्यायला सुरुवात केली. शेतात पीक वाढवावं तसे खेळाडू वाढवायचे, म्हणून या पद्धतीचं नाव पडलं फार्म सिस्टिम. हे रिकी पुढे ब्रुकलिन डॉजर्सकडे गेले.

आता थोडं मागे, १८८७ सालात जाऊ. इंटरनॅशनल लीग ही मायनर लीग तेव्हाही मेजरच्या खालोखाल मानली जायची आणि तिच्यात काही कृष्णवर्णीय खेळाडू खेळत होते. जर्सी सिटीजवळच्या न्यूअर्कच्या संघात तर पिचर (चेंडू टाकणारा) जॉर्ज स्टोव्ही आणि कॅचर (तो झेलणारा) मोझेस फ्लीटवूड वॉकर अशी जोडीच होती. १४ जुलै १८८७ रोजी लीगच्या संचालकांची बफेलोत बैठक झाली आणि यापुढे कृष्णवर्णीय खेळाडूंशी नवे करार करायचे नाहीत असं ठरलं. त्याच दिवशी न्यूअर्कमध्ये शिकागोच्या संघाशी प्रदर्शनी सामना होता. शिकागोचा कर्णधार कॅप अ‍ॅन्सन कृष्णवर्णीयांविरुद्ध खेळायला नकार देण्याबद्दल ओळखला जायचा. त्या सामन्यात स्टोव्ही उतरला नाही. दोनच वर्षांनी, १८८९ मध्ये, वॉकरही या लीगमधून बाहेर पडला आणि मग अर्ध्या शतकाहून जास्त काळ तिथे एकही कृष्णवर्णीय खेळाडू दिसला नाही. मेजर लीगमध्ये असा लेखी नियम कधी झाला नाही. तिथे सगळं न बोलता पाळलं गेलं. कागदावर मतदान करून दार लावलं ते मायनर लीगने.

म्हणूनच ते दार पुन्हा त्याच लीगमध्ये उघडलं याला मी फार मोल देतो.

ऑक्टोबर १९४५ मध्ये रिकींनी जॅकी रॉबिन्सनला करारबद्ध केल्याची घोषणा माँट्रियलमध्ये झाली. माँट्रियल रॉयल्स हा ब्रुकलिनचा इंटरनॅशनल लीगमधला संघ. फेब्रुवारी १९४६ मध्ये जॅकी आणि रेचेल यांचं लग्न झालं आणि महिना उलटायच्या आत दोघं सरावासाठी फ्लोरिडाला निघाले. वाटेत त्यांना विमानातून उतरवण्यात आलं, आणि प्रवासाचा शेवटचा टप्पा त्यांनी बसच्या मागच्या बाकांवर बसून काढला. सॅनफर्ड गावातून धमक्यांमुळे रातोरात निघावं लागलं. जॅक्सनव्हिलमध्ये संघ पोचला तर मैदानाला कुलूप. डीलँडमध्ये सामना रद्द करताना मैदानावरचे दिवे बिघडल्याचं कारण सांगितलं गेलं, आणि सामना तर दिवसा होता. फक्त डेटोना बीचने मैदान दिलं. १७ मार्चला तिथे रॉबिन्सन खेळला आणि आज त्या मैदानाला त्याचंच नाव आहे.

हंगामाचा पहिला सामना गुरुवारी, १८ एप्रिल १९४६ रोजी जर्सी सिटीत होता, न्यूयॉर्क जायंट्सच्या हाताखालच्या जर्सी सिटी जायंट्सविरुद्ध. हे गाव मुद्दाम निवडलेलं नव्हतं, वेळापत्रकात तसं आलं. पण पहिल्या दिवशी गर्दी जमवण्यात जर्सी सिटीचा हात कुणी धरू शकत नव्हतं. महापौर फ्रँक हेग १९१७ पासून खुर्चीवर होते आणि गावावर त्यांची घट्ट पकड होती. पहिल्या सामन्याची तिकिटं घेणं हे पालिकेच्या नोकरांचं जणू कर्तव्यच. घेतली नाहीत तर वरिष्ठांच्या लक्षात यायचं. रूझवेल्ट स्टेडियममध्ये माणसं मावायची सुमारे २५ हजार. त्या दिवशी तिकिटं विकली गेली ५१,८७२. शाळांना सुटी, वाजत-गाजत संचलन, झेंडे. मैदान तुडुंब भरलं होतं. महापौरांच्या धाकाने तिकीट काढून आलेले किती, आणि न्यूयॉर्कमधल्या हार्लेम वस्तीतून व न्यूअर्कहून रॉबिन्सनला पाहायला स्वतःहून आलेले कृष्णवर्णीय प्रेक्षक किती, हे वेगळं सांगता येणार नाही इतकी ती गर्दी मिसळून गेली होती.

पहिल्या खेपेला रॉबिन्सनने चेंडू शॉर्टस्टॉप या क्षेत्ररक्षकाकडे मारला आणि तो बाद झाला. तिसऱ्या इनिंगमध्ये दोन साथीदार बेसवर (धाव पुरी करण्याच्या वाटेवरच्या थांब्यांवर) असताना त्याने डाव्या कुंपणाबाहेर होम रन मारला. तो धावत होम प्लेटपाशी (जिथे धाव पुरी होते) आला तेव्हा पुढचा बॅटर जॉर्ज शुबा हात पुढे करून उभा होता. गोऱ्या खेळाडूने कृष्णवर्णीय साथीदाराचा हात हातात घेतल्याचं ते छायाचित्र पुढे खूप गाजलं. नंतरच्या खेपांना त्याने दोनदा बंट करून (चेंडू बॅटने हलकेच जवळ टाकून) बेस गाठला, दोन बेस चोरले (फटका नसतानाच पळून पुढचा बेस गाठला), आणि तिसऱ्या बेसवरून पुढे-मागे नाचत दोन वेगवेगळ्या पिचरना असं गोंधळवलं की त्यांच्या हातून बॉक झाला, म्हणजे नियमबाह्य हालचाल झाली आणि दोन्ही वेळा त्याला होम प्लेट फुकट मिळाली. पाच खेपांत चार हिट (बेस मिळवून देणारे फटके), चार धावा. माँट्रियल १४-१ ने जिंकलं. मोजके चेंडू मारून आपली जागा राखायची असं त्याच्या मनात नव्हतंच. त्याने समोरच्या संघाचा तोल घालवला. त्या वर्षी ०.३४९ च्या सरासरीने तो लीगचा अव्वल बॅटर ठरला आणि रॉयल्सनी विजेतेपद मिळवलं.

पुढच्या वर्षी १५ एप्रिलला तो ब्रुकलिनकडून मेजर लीगमध्ये उतरला. आज साजरा होतो तो हा दुसरा दिवस, त्याचा ४२ क्रमांकही सर्व संघांनी निवृत्त केला. माँट्रियलमध्ये त्याचा क्रमांक ९ होता, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. मला वाटतं, खरी परीक्षा जर्सी सिटीतच झाली. तिथे तो अडखळला असता तर १९४७ आलंच असतं याची खात्री कुणीच देऊ शकलं नसतं.

मायनर लीगचे ते भरभराटीचे दिवस होते. १९४९ मध्ये ५९ लीग आणि वर्षभरात सुमारे ४ कोटी प्रेक्षक. मग टीव्ही आला, मेजर लीगचे सामने घरात दिसू लागले आणि दहा-बारा वर्षांत प्रेक्षक पावपटीवर आले. जर्सी सिटीचा संघ १९५० नंतर गावाबाहेर गेला. रूझवेल्ट स्टेडियम १९८५ मध्ये पाडलं, आता तिथे घरं आहेत. गंमत अशी की ते मैदान न्यूअर्कच्या उपसागराच्या (न्यूअर्क बे) काठावर होतं, आणि पाण्यापलीकडेच ते न्यूअर्क, जिथे १८८७ साली स्टोव्ही त्या सामन्यात उतरला नव्हता.

नव्या गोष्टी आधी मायनर लीगमध्ये करून पाहण्याची रीत मात्र टिकली. दिव्यांच्या प्रकाशातला सामना १९३० साली आधी मायनरमध्ये झाला, मेजरमध्ये १९३५ ला. हल्लीचं पिच क्लॉकही (चेंडू टाकायला ठरावीक सेकंद देणारं घड्याळ) आधी इथेच घासून-पुसून वर गेलं. भारताचं नावही याच पायऱ्यांवर लागलं आहे. भदोहीचा रिंकू सिंग आणि वाराणसीचा दिनेश पटेल हे भालाफेकपटू चेंडूफेकीच्या स्पर्धेतून निवडले गेले आणि २००९ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सच्या अगदी खालच्या पायरीवर खेळले.

२०२० मध्ये महामारीमुळे हंगामाचा पहिला दिवस आलाच नाही, पूर्ण हंगाम रद्द झाला. नंतर मेजर लीगने सगळी व्यवस्था आपल्या हाती घेतली आणि चाळीसहून अधिक गावांचे संघ यादीतून गेले. तो निर्णय मला आजही बोचतो, कारण त्यातल्या कित्येक गावांत दुसरा व्यावसायिक खेळ नाही. चांगली बातमी एकच, पण मोठी. मायनरच्या खेळाडूंनी कामगार संघटना स्वीकारली आणि २०२३ चा हंगाम सुरू होता होता पहिला सामूहिक करार झाला. ट्रिपल-एचा किमान वार्षिक पगार १७,५०० डॉलरवरून ३५,८०० वर गेला.

जर्सी सिटीत आता मराठी घरं पुष्कळ आहेत. जर्नल स्क्वेअर स्टेशनच्या जवळच न्यूअर्क अव्हेन्यूवर भारतीय दुकानांची रांग आहे, आणि पाडव्याच्या खरेदीचे दिवस बहुतेकदा बेसबॉलचा हंगाम सुरू होण्याच्या सुमारासच येतात. १९९८ मध्ये याच जर्नल स्क्वेअरला जॅकी रॉबिन्सनचा ब्राँझचा पुतळा उभारण्यात आला.