मुलाआधी वर्ग तपासा

1895 साली हार्वर्ड विद्यापीठात एक नवं व्याख्यानगृह सुरू झालं आणि लगोलग तक्रारी येऊ लागल्या. प्राध्यापक काय बोलतात ते विद्यार्थ्यांना कळेचना. ऐकणाऱ्यांचे कान शाबूत, तरी शब्द एकमेकांत मिसळून जात. वॉलेस सबाइन या तरुण भौतिकशास्त्रज्ञाकडे हे प्रकरण सोपवलं गेलं. रात्री सगळीकडे सामसूम झाली की तो ऑर्गन या वाद्याची नळी वाजवायचा आणि तिचा आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचा. रिकाम्या खोलीत आकडा आला सुमारे साडेपाच सेकंद. तेवढ्यात बोलणारा दहा-बारा शब्द पुढे गेलेला असतो आणि आधीचे शब्द अजून भिंतींवर आपटत असतात. सबाइनने जवळच्या दुसऱ्या सभागृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून ठेवल्या. जितक्या गाद्या वाढल्या तितका आवाज लवकर विरू लागला. खोलीतल्या ध्वनीचं आधुनिक शास्त्र या प्रयोगांतून उभं राहिलं.

त्या वेळी दोष खोलीत शोधला गेला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. शाळेत सहसा उलटं घडतं. मूल मागे पडलं की त्याची तपासणी होते, त्याला एखादं नाव चिकटतं, फारच झालं तर 'लक्षच देत नाही' असा शेरा मिळतो. तपासणी जरूर करावी, पण वर्गाचीही करावी. ती तुलनेने सोपी आहे, कारण वर्गातल्या बऱ्याच अडचणी चक्क मोजता येतात.

आवाजापासूनच सुरुवात करू. आवाजाची तीव्रता डेसिबलमध्ये मोजतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने उतरतो. शिक्षकांचा आवाज एक मीटरवर 65 डेसिबल असेल, तर चार मीटरवर तो 53 उरतो. बंद खोलीत भिंतींवरून परतणाऱ्या आवाजामुळे तो इतका उतरत नाही, पण जी भर पडते तिच्यातला बराच भाग घुमण्याचा, म्हणजे बिनकामाचा असतो. वर्गातली कुजबुज, पंखा आणि बाहेरची वर्दळ मिळून 50 डेसिबल धरली, तर मागच्या बाकावर बोलणं आणि गोंगाट यांत जेमतेम 3 डेसिबलचा फरक राहतो. तज्ज्ञांच्या शिफारशीनुसार तो किमान 15 हवा. अमेरिकेत 2002 साली वर्गखोल्यांसाठी जे मानक आलं त्यात नेहमीच्या आकाराच्या रिकाम्या वर्गातला गोंगाट 35 डेसिबलच्या आत आणि आवाज घुमण्याचा काळ 0.6 सेकंदाच्या आत असावा, असं म्हटलं आहे.

हा फरक कमी पडला की नेमकं काय बिघडतं? 'सात', 'साठ' आणि 'आठ' हे तीन शब्द एकामागून एक म्हणून पाहा. बोलण्यातली बरीचशी ताकद 'आ'सारख्या स्वरात असते आणि तो मागच्या बाकापर्यंत ठणठणीत पोचतो. 'त' आणि 'ठ' यांच्यातला फरक मात्र सेकंदाच्या काही शतांश भागात उरकतो. 'स' हा उंच पट्टीचा आणि नाजूक, गोंगाटात तो बुडू शकतो. मग शिक्षक म्हणतात 'साठ' आणि वहीत लिहिलं जातं 8. मोठ्या माणसाचा मेंदू संदर्भावरून अशी भोकं बुजवतो. मुलांकडे शब्दांचा साठाच कमी असतो, आणि गोंगाटातून बोलणं वेगळं काढण्याची क्षमता पौगंडावस्थेपर्यंत घडत राहते. म्हणजे वर्गाच्या दारात उभं राहून 'मला तर सगळं ऐकू येतंय' म्हणणाऱ्या मोठ्यांची साक्ष इथे फारशी कामाची नाही.

मग यात अडतं कोण? एका कानाने कमी ऐकणारं मूल. पडद्यामागे द्रव साठल्याने काही आठवडे कमी ऐकू येणारं मूल. लहान वयात हे सर्रास होतं आणि अनेकदा कुणाच्या ध्यानातही येत नाही. शिकवण्याची भाषा घरच्या भाषेहून वेगळी असलेलं मूल. अवधान टिकवणं जड जाणारं मूल. आणि अर्थातच श्रवणयंत्र लावणारं मूल. श्रवणयंत्र चष्म्यासारखं लावलं की झालं, असं होत नाही; ते बोलण्याबरोबर गोंगाटही मोठा करतं. म्हणूनच शिक्षकांच्या गळ्याशी छोटा माइक लावून त्यांचा आवाज थेट यंत्रात पोचवणारी उपकरणं वापरतात. तिथे अंतराचा प्रश्नच उरत नाही.

काही उपाय मात्र अगदी साधे आहेत. बाकांच्या पायांना रबर, मागच्या भिंतीवर मऊ फलक, शिकवताना दार बंद. फळ्याकडे तोंड करून न बोलणं तर फुकटातलं. फळ्याकडे वळून बोललं की आवाज तर उलट दिशेला जातोच, शिवाय ओठही दिसेनासे होतात. ओठांवर सगळं वाचता येतं असं मात्र नाही: 'पाळ', 'बाळ' आणि 'माळ' ओठांवर सारखेच दिसतात. म्हणून नवा शब्द फळ्यावर लिहायचा, आणि पुढच्या मुलीने विचारलेली शंका सगळ्यांसाठी पुन्हा मोठ्याने सांगायची.

डोळ्यांच्या बाबतीत दोनच मुद्दे. लाल-हिरव्यातला फरक नीट न कळणं हे X गुणसूत्राशी जोडलेलं असल्याने मुलग्यांत कितीतरी अधिक आढळतं. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण 12 पुरुषांमागे एक. तेव्हा 'लाल रेषा पाहा' एवढ्यावर आलेख समजावणं म्हणजे काही मुलांना अंदाज बांधायला लावणं. रेषेवर नाव लिहिलं, एक तुटक काढली, की काम झालं. दुसरा मुद्दा अक्षरांतल्या जागेचा. 2012 साली मार्को झोर्झी आणि सहकाऱ्यांनी डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनात अडचण, असलेल्या इटालियन आणि फ्रेंच मुलांना अक्षरांमध्ये जास्त मोकळी जागा सोडलेला मजकूर वाचायला दिला. कोणतंही प्रशिक्षण न देता त्यांच्या चुका घटल्या आणि वेग वाढला. याउलट डिस्लेक्सियासाठी म्हणून विकले जाणारे खास टंक (फॉन्ट) आणि मजकुरावर ठेवायचे रंगीत प्लास्टिकचे कागद यांच्या बाजूने ठोस पुरावा नाही. जागा सोडायला पैसे लागत नाहीत, म्हणून कदाचित तिची जाहिरातही होत नाही.

आता वेळ. मेरी बड रो या संशोधिकेने 1970च्या दशकात वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबत आणि मग दुसऱ्याकडे वळत. ही वाट पाहणं तीन सेकंदांवर नेल्यावर उत्तरं लांबली, 'माहीत नाही' कमी झालं आणि एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागली. अडखळत बोलणारं मूल किंवा मनातल्या मनात भाषांतर करणारं मूल एका सेकंदात तोंड उघडूच शकत नाही. तीन सेकंदांची शांतता फळ्यापाशी उभं राहणाऱ्याला फार लांब वाटते, हेही खरं. सूचनांचंही तसंच. 'वही काढा, तारीख घाला, पान 42 वरचं तिसरं उदाहरण सोडवा, मग शेजाऱ्याशी ताडून बघा' हे एका दमात सांगितलं की कार्यकारी स्मृती, म्हणजे ऐकलेलं काम होईपर्यंत मनात धरून ठेवण्याची क्षमता, तोकडी असलेलं मूल तारखेपाशीच थांबतं. त्याला गणित येत असतं, पण ते कोणतं सोडवायचं हेच निसटलेलं असतं.

इथे एका लोकप्रिय समजुतीला बाजूला सारलं पाहिजे. 'हा पाहून शिकणारा, ती ऐकून शिकणारी' अशी वाटणी करून त्याप्रमाणे शिकवलं तर फायदा होतो, असं मानतात. 2008 साली हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधन चाळलं तेव्हा या दाव्याला पुरेसा आधार सापडला नाही. अंध मुलाला ब्रेल लागतं, ती आवड किंवा शैली नव्हे. त्याच्यासाठी पानापर्यंत पोचण्याचा तो मार्ग आहे. वर्ग कितीही सुधारला तरी ब्रेल, सांकेतिक भाषा, विशेष शिक्षक यांची गरज संपत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या 2006च्या दिव्यांग हक्क करारातही, शिक्षणव्यवस्था सर्वसमावेशक असावी आणि व्यक्तीच्या गरजेनुसार वाजवी सोयीही मिळाव्यात, अशा दोन्ही गोष्टी आहेत.

सर्वांत जास्त कुरबूर होते ती परीक्षेतल्या जादा वेळेवरून. 'मग आम्हालाही द्या' असं इतर मुलं म्हणतात, आणि त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. जादा वेळ दिला की बहुतेकांचे गुण थोडेफार वाढतात. दिव्यांग विद्यार्थ्यांचे सहसा अधिक वाढतात, असं अभ्यासांतून दिसतं. याचा एक अर्थ असा की ती परीक्षा विषयाबरोबर नकळत वेगही मोजत होती. टंकलेखनाच्या परीक्षेत वेग हेच कौशल्य, तिथे घड्याळ हवंच. इतिहासाच्या पेपरात ते कशासाठी, हे पेपर काढणाऱ्याने सांगायला हवं; आणि सांगता येत नसेल, तर अर्धा तास सगळ्यांनाच वाढवून द्यायला हरकत नसावी. लेखनिक घेणाऱ्याला किंवा स्क्रीन रीडरने, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या संगणक-प्रणालीने, प्रश्न ऐकणाऱ्याला त्याहूनही अधिक लागेल, कारण ऐकलेल्या प्रश्नात मागे जाऊन एक ओळ पुन्हा शोधणं हे नजर फिरवण्याइतकं झटपट होत नाही.