वॉर्नर, जॅक

वॉर्नर, जॅक : (२६ जानेवारी १९४३– ). त्रिनिदाद व टोबॅगो या कॅरिबियन देशातील फुटबॉल प्रशासक व राजकारणी. फिफा या जागतिक फुटबॉल महासंघाचे माजी उपाध्यक्ष. संपूर्ण नाव ऑस्टिन जॅक वॉर्नर. जन्म रिओ क्लारो येथे. इतिहासाचे अध्यापन करीत असतानाच ते राष्ट्रीय फुटबॉल संघटनेचे सचिव झाले. हे पद त्यांनी कधी स्वीकारले याबाबत नोंदींत १९७३ व १९७४ अशी दोन वर्षे आढळतात.

१९ नोव्हेंबर १९८९ रोजी पोर्ट ऑफ स्पेन येथे अमेरिकेविरुद्ध बरोबरी साधली असती, तरी देश पहिल्यांदा विश्वचषकाला पात्र ठरला असता. सामना ०–१ असा गेला. क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त तिकिटे विकली गेल्यामुळे हातात तिकीट असूनही हजारो लोक मैदानाबाहेर राहिले. तरीही प्रेक्षक शांत राहिले आणि त्या वर्षीचा फिफाचा खिलाडूवृत्तीसाठीचा ‘फेअर प्ले’ पुरस्कार त्यांनाच मिळाला. जादा तिकिटांचा ठपका मात्र वॉर्नर यांच्यावर आला.

तरीही १९९० मध्ये ते उत्तर व मध्य अमेरिका आणि कॅरिबियन विभागाच्या कॉन्ककॅफ महासंघाचे अध्यक्ष झाले. फिफाच्या कार्यकारी समितीवर ते १९८३ पासूनच होते. त्यांचे बळ मतांच्या गणितात होते. फिफात प्रत्येक देशाला एकच मत असते. काही हजार वस्तीच्या माँटसेरातचे मत ब्राझीलच्या मताइतकेच मोजले जाते. कॅरिबियन बेटांची दोन डझनांहून अधिक मते वॉर्नर एकगठ्ठा ठेवत. त्यामुळे फिफाच्या अध्यक्षपदाच्या प्रत्येक उमेदवाराला त्यांची मर्जी राखावी लागे. वॉर्नर यांच्या कारकिर्दीची उकल त्यांच्या स्वभावापेक्षा या रचनेत शोधणे अधिक सयुक्तिक ठरते.

सर्वाधिक वाद त्रिनिदादमधील माकोया येथील, फिफाचे माजी अध्यक्ष जोआंव हावेलांज यांच्या नावाच्या ‘जोआंव हावेलांज सेंटर ऑफ एक्सलन्स’ या क्रीडासंकुलाच्या मालकीवरून झाला. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून फिफाने या संकुलासाठी सुमारे २.६ कोटी अमेरिकी डॉलर दिले. संकुल कॉन्ककॅफचेच आहे, असे सदस्य देश धरून चालले होते. बार्बाडोसचे माजी सरन्यायाधीश सर डेव्हिड सिमन्स यांच्या समितीने एप्रिल २०१३ मध्ये अहवाल दिला, तेव्हा जमीन वॉर्नर यांच्या ताब्यातील कंपन्यांच्या नावे असल्याचे उघड झाले. त्यांपैकी एकीचे नाव ‘रेनरॉ’. ‘वॉर्नर’ची इंग्रजी अक्षरे उलट्या क्रमाने लावली की हेच नाव होते. संकुल ही हावेलांज यांनी दिलेली भेट होती, असा वॉर्नर यांच्या बाजूचा दावा आहे. परंतु पैसा फिफाच्या तिजोरीतून आलेला असल्याने समितीचा निष्कर्ष अधिक ग्राह्य वाटतो. ऑस्ट्रेलियाच्या फुटबॉल महासंघाने याच संकुलातील मैदानाच्या सुधारणेसाठी पाठवलेली रक्कमही योग्य खात्यात पोहोचली नाही, असे अहवाल सांगतो.

२००६ च्या विश्वचषकाला त्रिनिदाद अखेर पात्र ठरला. व्यापारी उत्पन्नातला वाटा म्हणून खेळाडूंना प्रत्येकी सुमारे ५,६०० त्रिनिदाद डॉलर देऊ करण्यात आले. ज्यांच्या पायांवर हे उत्पन्न उभे राहिले, त्यांनाच हक्कासाठी लंडनच्या लवादापर्यंत जावे लागले. २००८ मध्ये लवादाने त्यांच्या बाजूने कौल दिला.

मे २०११ मध्ये फिफाच्या अध्यक्षपदाचे उमेदवार मोहम्मद बिन हम्माम यांनी पोर्ट ऑफ स्पेनच्या एका हॉटेलात कॅरिबियन प्रतिनिधींची बैठक घेतली. तेथे प्रत्येक संघटनेला ४०,००० अमेरिकी डॉलरची पाकिटे देण्यात आली. बहामाच्या प्रतिनिधीने पाकीट उघडून नोटांचे छायाचित्र काढले व पैसे परत केले. या प्रकरणी निलंबन झाल्यावर वॉर्नर यांनी २० जून २०११ रोजी फुटबॉलमधील सर्व पदे सोडली आणि फिफाने चौकशी बंद केली.

राजकारणात ते युनायटेड नॅशनल काँग्रेसकडून चगवानास पश्चिम मतदारसंघातून २००७ व २०१० मध्ये निवडून आले. हा भाग गिरमिटिया भारतीयांच्या वंशजांचा बालेकिल्ला; तेथे आफ्रिकी वंशाच्या उमेदवाराने मिळवलेला विजय लक्षणीय होता. कमला प्रसाद-बिसेसर यांच्या मंत्रिमंडळात ते सार्वजनिक बांधकाम व वाहतूक, तर २०१२ पासून राष्ट्रीय सुरक्षा खात्याचे मंत्री होते. सिमन्स अहवालानंतर त्यांनी मंत्रिपद सोडले, स्वतःचा इंडिपेंडंट लिबरल पक्ष काढला आणि जुलै २०१३ मध्ये त्याच जागेवरची पोटनिवडणूक जिंकली. २०१५ मध्ये ते पराभूत झाले.

मे २०१५ मध्ये अमेरिकेने त्यांच्यावर लाचखोरीच्या कटाचे व अवैध पैसा वैध करण्याचे (मनी लाँडरिंग) आरोप ठेवले. २००८ मध्ये फिफामार्फत आलेले एक कोटी डॉलर ही २०१० चा विश्वचषक दक्षिण आफ्रिकेला मिळावा म्हणून दिलेल्या मताची किंमत होती, असे आरोपपत्र म्हणते. ती कॅरिबियन फुटबॉलसाठीची मदत होती, असे दक्षिण आफ्रिकेचे म्हणणे. सप्टेंबर २०१५ मध्ये फिफाने त्यांच्यावर आजीवन बंदी घातली. वॉर्नर यांनी सर्व आरोप नाकारले आहेत. अमेरिकेकडे प्रत्यार्पण करण्याविरुद्धचे त्यांचे अपील त्रिनिदादचे अंतिम अपील न्यायालय असलेल्या लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने २०२२ मध्ये फेटाळले. मात्र सप्टेंबर २०२५ मध्ये त्रिनिदादच्या उच्च न्यायालयाने प्रत्यार्पणाची कार्यवाही कायमची थांबवली.